चार कोटी अंकांची मूळ संख्या तपासली कशी?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ज्ञात मूळ संख्यांपैकी सर्वांत मोठ्या संख्येविषयी चार ओळींचे टिपण छापले होते. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या मिळते आणि ती २१ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झाली, एवढाच त्यातला मजकूर होता. त्या टिपणावर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. लिहिण्याच्या सोयीसाठी ‘२ चा न वा घात वजा १’ या संख्येला सगळीकडे म(न) म्हटले आहे. अशा संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांच्या नावावरून मेर्सेन संख्या म्हणतात.

प्रश्न (अकरावीतील एक विद्यार्थिनी, फोंडा): आमच्या सरांनी सांगितले की घातांक मूळ नसेल तर म(न) मूळ नसते. म्हणून मी मूळ घातांक घेऊन पाहिले. ३, ७, ३१, १२७ या सगळ्या संख्या मूळ निघाल्या, पण म(११) म्हणजे २०४७ ही २३ × ८९ निघाली. माझे काय चुकले?

उत्तर: तुमचा गुणाकार बरोबर आहे आणि सरांचे विधानही बरोबर आहे. घातांक संयुक्त असेल तर म(न) संयुक्त असते, हे सिद्ध करता येते. परंतु त्यावरून घातांक मूळ असला की म(न) मूळ असतेच, असे निघत नाही. पहिले विधान द्विमान पद्धतीत, म्हणजे ० आणि १ हे दोनच अंक वापरून संख्या लिहिण्याच्या पद्धतीत, अगदी डोळ्यांना दिसते. त्या पद्धतीत म(न) म्हणजे न वेळा लिहिलेला १ हा अंक. म(६) ही सहा एकांची १११ १११ अशी रांग आहे; तिचे तीन-तीन एकांचे दोन गट पडतात, म्हणून ती १११ ने निःशेष भागली जाते, आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीत हेच ६३ = ७ × ९ असे दिसते. घातांकाचे सारखे गट पडत असतील तर रांगेचेही पडतात, एवढेच त्यामागचे कारण आहे.

घातांक मूळ असेल तर असे गट पडत नाहीत, पण दुसऱ्या वाटेने विभाजक शिरू शकतो. ही वाट मात्र फार अरुंद आहे, आणि पुढच्या उत्तराचा मोठा भाग त्या अरुंदपणावर उभा आहे. समजा, प ही विषम मूळ संख्या आहे आणि क ही मूळ संख्या म(प) ला निःशेष भागते. मग २ चा प वा घात क ने भागल्यावर बाकी १ उरते. २ चे लागोपाठचे घात घेऊन क ने भागत गेल्यास बाक्या ठरावीक टप्प्याने पुन्हा त्याच येऊ लागतात, आणि हा टप्पा प चा विभाजक असावा लागतो. प मूळ असल्यामुळे आणि टप्पा १ असणे शक्य नसल्यामुळे तो प एवढाच असतो. दुसरीकडे फर्माचे प्रमेय सांगते की २ चा (क − १) वा घातही क ने भागल्यावर १ बाकी देतो, म्हणजे प हा क − १ चाही विभाजक ठरतो. क विषम असल्याने क − १ सम आहे, म्हणून क − १ ला २प ने भाग जातो. याचा अर्थ असा की म(११) चा कोणताही मूळ विभाजक २२ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असलाच पाहिजे. तुम्हाला सापडलेले २३ आणि ८९ तसेच आहेत: २२ + १ आणि ८८ + १.

आता म(२३) घेऊन पाहा. येथे ३, ५, ७, ११ यांनी भागण्यात वेळ घालवण्याचे कारणच नाही; पहिला उमेदवार ४६ + १ म्हणजे ४७ आहे, आणि ८३,८८,६०७ ही संख्या खरोखर ४७ × १,७८,४८१ आहे. एका भागाकारात निकाल लागतो.

प्रश्न (एक संगणक अभियंता, पर्वरी): ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ असते. ही संख्या मूळ आहे असे वाचनात आले. संगणक रचणाऱ्यांनी ती मुद्दाम निवडली होती काय? आणि संगणक नसताना अठराव्या शतकातील गणितज्ञ ऑयलरने ती मूळ असल्याचे कसे ठरवले?

उत्तर: मुद्दाम निवडलेली नाही. ३२ पैकी एक बिट, म्हणजे एक द्विमान अंक, धन-ऋण चिन्हासाठी गेला की ३१ उरतात, आणि ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म(३१) ही असते. ती मूळ निघाली हा योगायोग आहे. १६ बिटांची मर्यादा म(१५) म्हणजे ३२,७६७ आहे, आणि ती ७ × ३१ × १५१ आहे. ६४ बिटांची मर्यादा म(६३) असल्यामुळे तिलाही ७ ने भाग जातो, कारण ६३ ला ३ ने भाग जातो. सेकंद मोजण्यासाठी ३२ बिट वापरणाऱ्या जुन्या प्रणालींची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी याच संख्येवर पोहोचून पुढे ऋण बाजूला उलटेल, त्यातही मूळपणाचा काही संबंध नाही.

ऑयलरचा पुरावा १७७२ सालचा आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे पाहण्यासाठी तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. येथे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे, आणि तेथवर साधारण ४,८०० मूळ संख्या आहेत. म्हणजे हातातील कागदावर जवळपास पाच हजार मोठे भागाकार. परंतु वर फोंड्याच्या विद्यार्थिनीला सांगितलेल्या नियमाने विभाजक ६२ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असला पाहिजे. त्याच्या जोडीला दुसरा एक नियम आहे: मेर्सेन संख्येच्या विभाजकाला, घातांक विषम मूळ असताना, ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते. हे दोन नियम एकत्र केले की विभाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरली पाहिजे. ४६,३४० पर्यंत अशा संख्या ३७३ च आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा स्वतःच संयुक्त असल्यामुळे गळतात. ६३ आणि २४९ गेल्या, ३११ मूळ आहे म्हणून तिने भागून पाहायचे: भागाकार ६९,०५,०९२ आणि बाकी ३५. पुढच्या ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ या सगळ्या संयुक्त आहेत, तेव्हा यानंतरचा भागाकार थेट १३०३ चा. या गतीने गेल्यास चिकाटीच्या माणसाला काम आटोक्यात येते, आणि ऑयलरची चिकाटी सर्वश्रुत आहे.

आपल्या व्यवसायात या संख्येचा मूळपणा जेथे खरोखर उपयोगी पडतो, अशी एक जागा सांगितली पाहिजे. यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या निर्माण करण्याची अमेरिकन गणितज्ञ डी. एच. लेमर यांची जुनी रीत अशी आहे की हातातील संख्येला एका ठरावीक गुणकाने गुणायचे आणि म(३१) ने भागून बाकी घ्यायची. पार्क आणि मिलर यांनी १९८८ साली किमान प्रमाण म्हणून सुचवलेला गुणक १६,८०७ आहे, म्हणजे ७ चा पाचवा घात. १ पासून आरंभ केला की १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३ अशी रांग सुरू होते आणि १ ते २,१४,७४,८३,६४६ यांपैकी प्रत्येक संख्येवर नेमकी एकदा जाऊन मगच १ वर परतते. भाजक संयुक्त असता तर एवढी पूर्ण फेरी कोणत्याही गुणकाने साधली नसती. भाजक मूळ असल्यावरही गुणक नीट निवडावा लागतो: २ हा गुणक घेतल्यास ३१ पायऱ्यांतच आपण १ वर परत येतो, कारण २ च्या ३१ व्या घाताची बाकी १ आहे. आपल्या संगणकावर ही रीत लिहिलीत तर १ पासून सुरुवात करून दहा हजार पायऱ्यांनंतर १,०४,३६,१८,०६५ ही संख्या यायला हवी. न आल्यास कुठेतरी गुणाकार मर्यादेबाहेर उतू गेला आहे असे समजावे.

प्रश्न (एक निवृत्त गणितशिक्षक, साखळी): चार कोटी अंकांच्या संख्येच्या वर्गमूळात दोन कोटी अंक असणार. तेथवर भागून पाहणे विश्वाच्या आयुष्यातही होणार नाही. मग ही संख्या मूळ आहे असे कोणत्या अधिकाराने म्हणतात? हा नुसता संगणकाचा कौल आहे, की युक्लिडच्या अर्थाने सिद्धता आहे?

उत्तर: सिद्धता आहे, पूर्ण अर्थाने. आपला प्रश्न सर्व पत्रांत मला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून त्याला अधिक जागा देत आहे.

भागून पाहण्याचा मार्ग बंद आहे हे आपले म्हणणे खरे. ऑयलरचे दोन नियम लावूनही तो बंदच राहतो. परंतु मेर्सेन संख्येचे रूपच असे आहे की विभाजक न शोधता तिच्याविषयी निर्णय देता येतो. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८७० च्या दशकात ही वाट शोधली आणि लेमर यांनी १९३० साली तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. कृती अशी: ४ पासून सुरू करावे, हातातील संख्येचा वर्ग करून २ वजा करावे, म(प) ने भागून बाकी ठेवावी, हे (प − २) वेळा करावे. शेवटी बाकी शून्य आली तर म(प) मूळ आहे, आणि शून्य आली नाही तर संयुक्त आहे. नियम दोन्ही बाजूंनी पक्का आहे.

म(७) म्हणजे १२७ वर हे करून पाहू. पाच पायऱ्या आहेत. ४ वरून १४; १४ वरून १९४, बाकी ६७; ६७ चा वर्ग ४,४८९, त्यातून २ गेले ४,४८७, बाकी ४२; ४२ वरून १,७६२, बाकी १११; १११ वरून १२,३१९, आणि ती नेमकी १२७ × ९७ असल्यामुळे बाकी शून्य. १२७ मूळ ठरली आणि मध्ये कोठेही ३, ५, ७, ११ यांनी भागावे लागले नाही. हीच कृती २०४७ वर केली तर नऊ पायऱ्यांनंतर १,७३६ उरतात, म्हणून ती संयुक्त.

यात भागाकार तरी करावा लागतो असे आपण म्हणाल, पण तोही प्रत्यक्षात करावा लागत नाही. ९ ने भागून बाकी काढताना आपण अंकांची बेरीज करतो, कारण ९ ही १० पेक्षा १ ने लहान आहे. १२७ ही १२८ पेक्षा १ ने लहान आहे, म्हणून ४,४८७ मध्ये १२८ चे किती गट आहेत ते पाहायचे: ३५ गट आणि वर ७, दोहोंची बेरीज ४२, हीच बाकी. शेवटच्या पायरीत ९६ गट आणि वर ३१, बेरीज १२७, म्हणजे शून्य. संगणक द्विमान पद्धतीत काम करत असल्यामुळे त्याला हे गट मोजावेही लागत नाहीत. आकड्यांची रांग योग्य जागी तोडून वरचा तुकडा खालच्यात मिळवला की झाले. इतर बहुतेक संख्यांना ही सवलत नाही, आणि विक्रमी मूळ संख्या बहुधा मेर्सेन घराण्यातल्याच का असतात याचे निम्मे उत्तर येथे आहे.

आता सिद्धता. २ + √३ ही संख्या घ्या. तिचा २ − √३ शी गुणाकार १ येतो. या दोन संख्यांची बेरीज ४, त्यांच्या वर्गांची बेरीज १४, चौथ्या घातांची बेरीज १९४: म्हणजे आपली रांग ही या दोन संख्यांच्या घातांची बेरीज आहे. समजा, (प − २) पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली आणि तरीही म(प) संयुक्त आहे. मग तिचा सर्वांत लहान मूळ विभाजक क घ्या. क चा वर्ग म(प) हून मोठा असणार नाही. बेरीज शून्य होणे याचा अर्थ, क ने भागून बाक्या घेतल्यास, २ + √३ चा घात एका टप्प्यावर −१ होतो आणि त्याच्या पुढच्या वर्गाला १ होतो. यावरून २ + √३ चे घात फिरून १ वर येण्याचा टप्पा नेमका ‘२ चा प वा घात’ एवढा ठरतो. पण ‘अ + ब√३’ या रूपाच्या संख्या, अ आणि ब यांच्या क ने भागलेल्या बाक्याच लक्षात घेतल्या तर, एकूण क × क इतक्याच आहेत, आणि शून्य वगळता एक कमी. फेरी याहून लांब असू शकत नाही. म्हणून २ चा प वा घात हा क² − १ पेक्षा मोठा नाही, आणि क² स्वतः २ च्या प व्या घाताहून किमान १ ने लहान आहे. ही दोन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत. अर्थात म(प) मूळ आहे. शून्य न आल्यास संख्या संयुक्त असते, ही उलट बाजू सिद्ध करायला आणखी थोडे यंत्र लागते, परंतु विक्रमासाठी लागणारी बाजू एवढ्यात संपते. प किती मोठा आहे याचा या युक्तिवादात कोठेही उल्लेख नाही. ७ साठी जो पुरावा चालतो तोच १३,६२,७९,८४१ साठी चालतो. वाढते ती केवळ आकडेमोड.

आकडेमोड मात्र प्रचंड आहे. १३,६२,७९,८३९ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीत चार कोटी अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग. शाळेत शिकवलेल्या रीतीने एका वर्गालाच अंकांचे सुमारे १७ कोटी कोटी गुणाकार लागले असते. फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म या रीतीने ते काम लक्षावधी पटींनी हलके होते. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेल्या ‘ग्रेट इंटरनेट मेर्सेन प्राइम सर्च’ या उपक्रमात जगभरचे स्वयंसेवक आपले संगणक या कामाला लावतात. ही संख्या ल्यूक ड्युरँट यांनी लावलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरांतून निघाली. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी डब्लिनमधील प्रोसेसरावर ती आधी फर्माच्या चाचणीत उतरली आणि दुसऱ्या दिवशी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे ल्युका–लेमर चाचणीत बाकी शून्य आली.

या दोन चाचण्यांतला फरक आपल्यासारख्या शिक्षकांना विशेष रुचेल. फर्माच्या चाचणीत एका लहान संख्येचा, म्हणजे आधाराचा, तपासायच्या संख्येहून १ ने लहान असलेला घात घेतात, तपासायच्या संख्येने भागतात आणि बाकी १ उरते का ते पाहतात. हा पुरावा नाही, ही चाळणी आहे. ३४१ ही ११ × ३१ असूनही २ चा ३४० वा घात तिने भागल्यावर बाकी १ च उरते, म्हणजे संयुक्त संख्याही चाळणीतून निसटू शकते. मेर्सेन संख्यांच्या बाबतीत २ चा आधार तर अगदीच निरुपयोगी आहे, कारण घातांक मूळ असला की प्रत्येक मेर्सेन संख्या, २०४७ सुद्धा, त्या आधारावर उत्तीर्ण होते. म्हणून तेथे ३ हा आधार घेतात. चाळणीतून उतरलेल्या संख्येला ‘मूळ’ म्हणण्याचा अधिकार मिळतो तो ल्युका–लेमर चाचणीनंतर, आणि ती वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रोग्रॅमांनी पुन्हा करून पाहिल्यानंतर.

विभाजक ठाऊक नसताना संख्या संयुक्त आहे हे कळणे पुष्कळांना अवघड वाटते. मेर्सेन यांनी १६४४ साली दिलेल्या यादीत म(६७) मूळ म्हटली होती. ल्युका यांनी १८७६ साली ती संयुक्त असल्याचे दाखवले, परंतु तिचे अवयव त्यांना माहीत नव्हते. ते फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ साली मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यांतील पहिल्यातून १ वजा करून ६७ ने भागून पाहावे. भाग निःशेष जातो. मधली २७ वर्षे म(६७) चे अवयव अज्ञात होते, तिचे संयुक्त असणे मात्र सिद्ध होते. त्याच १८७६ साली ल्युका यांनी म(१२७) ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली आणि १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाच्या हाती लागली नाही. गोवा मुक्त झाला त्या १९६१ सालच्या नोव्हेंबरात अलेक्झांडर हर्विट्झ यांनी म(४,४२३) मूळ असल्याचे शोधले. तिच्यात १,३३२ अंक आहेत, म्हणजे ती या मासिकाच्या अर्ध्या पानात मावेल. आजची विक्रमी संख्या पानाला ३,००० अंक या हिशेबाने छापायची तर १३,६७५ पाने लागतील.

तिचे शेवटचे दोन अंक मात्र आपण खडूफळ्यावर काढू शकता. २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक, पहिला घात सोडून पुढे, दर २० घातांनी पुन्हा येतात. १३,६२,७९,८४१ ला २० ने भागल्यास बाकी १ उरते. २ चा २१ वा घात २०,९७,१५२ आहे. म्हणून विक्रमी संख्येचा शेवट ५१ असा होतो. लॉगरिदमचे कोष्टक हाताशी असेल तर घातांकाला २ च्या लॉगरिदमने गुणून अंकांची संख्याही पडताळता येईल, पण कोष्टक निदान दहा दशांश स्थळांचे हवे.

प्रश्न (सहकारी बँकेतील एक कर्मचारी, मडगाव): बँकेच्या ऑनलाइन व्यवहारांची सुरक्षितता मोठ्या मूळ संख्यांवर अवलंबून असते असे प्रशिक्षणात सांगितले होते. ही नवी संख्या त्यासाठी वापरतील काय?

उत्तर: नाही. आरएसए या सांकेतिक पद्धतीत दोन मूळ संख्या गुप्त ठेवून त्यांचा गुणाकार उघड करतात. जी संख्या साऱ्या जगाला ठाऊक आहे ती गुप्त ठेवता येत नाही. शिवाय एवढ्या आकाराची गरजही नाही. २,०४८ बिटांच्या किल्लीसाठी सुमारे ३०९ अंकांच्या दोन मूळ संख्या पुरतात, आणि त्या दर वेळी नव्याने शोधल्या जातात: त्या आकाराच्या विषम संख्यांत सरासरी ३५५ तून एक मूळ असते, म्हणून यंत्र मनाला येईल ती विषम संख्या घेऊन तपासत जाते आणि क्षणभरात मूळ संख्या गाठते. जेथे मूळ संख्या उघडच असायची असते, तेथे मात्र मेर्सेन संख्येला मान आहे. पी-५२१ या नावाच्या प्रमाणित वक्रावरील सांकेतिक पद्धतीत म(५२१) हा भाजक आहे, आणि तो निवडण्यात बाकी काढण्याची वर सांगितलेली सवलत कामी येते.

प्रश्न (एक वाचक, सांकवाळ): आमच्या गावाशी नाते सांगणाऱ्या कोसंबी घराण्यातील दामोदर कोसंबी यांनीही मूळ संख्यांवर काम केले होते असे ऐकतो. ते कोणत्या प्रकारचे होते? आणि आताच्या सर्वांत मोठ्या मूळ संख्येच्या अलीकडच्या सर्व मूळ संख्या आता माहीत झाल्या, असे समजावे काय?

उत्तर: इतिहासकार म्हणून विख्यात असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे गोव्यात जन्मले आणि व्यवसायाने गणितज्ञ होते. उत्तरायुष्यात त्यांनी मूळ संख्यांवर पुष्कळ विचार केला. त्या विषयावरील काही लेख त्यांनी ‘एस. ड्युक्रे’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले. त्यांचा रोख एखाद्या मोठ्या मूळ संख्येवर नव्हता. मूळ संख्या संख्यारेषेवर कशा विखुरल्या आहेत, हे संभाव्यताशास्त्राच्या हत्यारांनी समजून घ्यावे, अशी त्यांची दिशा होती. १९५९ साली त्यांनी या मार्गाने मूळ संख्यांच्या विखुरण्याशी निगडित असलेले रीमान यांचे प्रसिद्ध गृहीतक सिद्ध केल्याचा दावा कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात मांडला. तो दावा गणितज्ञांनी स्वीकारला नाही, आणि ते गृहीतक आजही सिद्ध झालेले नाही. तरीही मूळ संख्यांना संख्याशास्त्राच्या नजरेने पाहण्याचा त्यांचा आग्रह मला मोलाचा वाटतो, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच नजरेने द्यावे लागते.

नाही, अलीकडच्या सर्व मूळ संख्या माहीत झालेल्या नाहीत. त्यापासून आपण फार दूर आहोत. ‘ज्ञात संख्यांपैकी सर्वांत मोठी’ एवढाच त्या विशेषणाचा अर्थ आहे. चार कोटी अंकांच्या प्रदेशात सरासरी सुमारे ९ कोटी ४५ लाख संख्यांमागे एक मूळ संख्या असते, परंतु ती नेमकी कोठे आहे हे दाखवायला आपल्याजवळ साधन नाही, कारण त्या बहुतेक संख्यांना मेर्सेन संख्येसारखे रूप नाही. आधीचा विक्रम म(८,२५,८९,९३३) या संख्येचा होता. ती डिसेंबर २०१८ मध्ये सापडली आणि तिच्यात २,४८,६२,०४८ अंक आहेत. रशियन गणितज्ञ चेबिशेव यांनी एकोणिसाव्या शतकात सिद्ध केले आहे की १ पेक्षा मोठी कोणतीही संख्या आणि तिची दुप्पट यांच्या दरम्यान निदान एक मूळ संख्या असतेच. जुन्या विक्रमापासून नव्या विक्रमापर्यंत जाताना संख्या ५,३६,८९,९०८ वेळा दुप्पट होते, म्हणजे या दोहोंमध्ये किमान सव्वापाच कोटींहून अधिक मूळ संख्या आहेत. खरा आकडा याहून कल्पनेपलीकडे मोठा आहे. २०२४ चा विक्रम जाहीर झाला तेव्हा त्यांतील एकही संख्या कोणाला ठाऊक नव्हती.